अन्यभाषेतील प्रार्थना आणि कॅथॉलिक चर्च : एका प्रश्नाच्या निमित्ताने

गेल्या वर्षावासात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका उपासिकेने एक प्रश्न विचारला. मुंबईच्या उपनगरातील ज्या चाळीत ती राहते, तेथे वसईकडील एक मराठी ख्रिस्ती कुटुंब कित्येक वर्षांपासून तिच्या शेजारी आहे. त्या घरातील मावशींच्या आग्रहावरून ती एका प्रार्थनासभेस गेली होती. आरंभी गाणी झाली, टाळ्या वाजल्या, हात वर झाले. आणि मग शे-दीडशे माणसे एकाच वेळी, प्रत्येक जण निराळे, कोणत्याही भाषेत न बसणारे शब्द मोठ्याने उच्चारू लागली. त्यांत शिक्षिका होत्या, बँकेतील कर्मचारी होते, महाविद्यालयात शिकणारी मुले होती. सभेच्या अखेरीस आजारी माणसांवर हात ठेवून प्रार्थना झाली आणि मावशींना त्यांचा रक्तदाब बरा झाल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून मावशींनी रोजची गोळी बंद केली. उपासिकेने विचारले, "हे सारे ढोंग समजावे काय? आणि मावशींच्या स्वत:च्या चर्चला तरी हे मान्य आहे काय?"

वर्गातील काही तरुणांनी 'अंधश्रद्धा' हा शब्द उच्चारून प्रश्न तेथेच मिटविला. आम्हांस ते उत्तर अपुरे वाटले. शेजारणीस अंधश्रद्ध म्हटल्याने तिची गोळी पुन्हा सुरू होत नाही. उलट बोलणे मात्र बंद होते. शिवाय परधर्मातील एखाद्या आचाराचा निवाडा करण्यापूर्वी त्या धर्माच्या जाणत्यांनी त्याविषयी काय म्हटले आहे हे पाहणे, ही अभ्यासकाची पहिली जबाबदारी होय. उपासिकेला त्या दिवशी आम्ही पुरे उत्तर देऊ शकलो नाही. त्यानंतर जे वाचले व समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

ज्याला मराठी बायबलमध्ये 'अन्य भाषांत बोलणे' म्हटले आहे, त्याचे मूळ नव्या करारातील दोन ठिकाणी आहे आणि ती दोन ठिकाणे एकसारखी नाहीत. पहिले 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. येशूच्या मृत्यूनंतर जेरुसलेममध्ये पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी शिष्य एकत्र जमले असता त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरला, ते बोलू लागले आणि देशोदेशींहून आलेल्या यात्रेकरूंपैकी प्रत्येकास ते बोलणे आपापल्या मातृभाषेत ऐकू आले, अशी ती कथा आहे. येथे चमत्कार आहे तो समजण्याचा. बोलणारे गालीलचे साधे लोक आहेत आणि ऐकणाऱ्या परक्यांना त्यांचे बोलणे कळते आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे संत पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र. करिंथ हे ग्रीसमधील गजबजलेले बंदर. तेथील लहानशा ख्रिस्ती मंडळीत अन्य भाषेत बोलणारे पुष्कळ झाले होते. परंतु त्यांचे बोलणे कोणालाच, कित्येकदा बोलणाऱ्यालाही, कळत नव्हते. ज्याला ही सिद्धी आली तो स्वत:ला इतरांहून वरचा समजू लागला होता. पौलाचे उत्तर बाराव्या ते चौदाव्या अध्यायांत आहे, आणि कॅथॉलिक चर्चच्या पुढील साऱ्या भूमिकेचा पाया तेच आहे. म्हणून ते नीट पाहावयास हवे.

पौल या बोलण्यास खोटे म्हणत नाही. ते एक दान आहे आणि आपल्यालाही ते आहे, असे तो मान्य करतो. परंतु दानांच्या यादीत तो त्यास शेवटी बसवितो. जो अन्य भाषेत बोलतो तो फक्त स्वत:ची उन्नती साधतो. ज्याचे बोलणे इतरांस कळते तो सर्व मंडळीची उन्नती साधतो, असा त्याचा मुद्दा आहे. न कळणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा कळणारे चार-पाच शब्द सभेत अधिक मोलाचे, हे तो आकड्यांसह सांगतो. मग नियम घालून देतो : एका सभेत फार तर दोघा-तिघांनी असे बोलावे, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा कोणी असेल तरच; नसेल तर गप्प राहून मनातल्या मनात प्रार्थना करावी. बाहेरचा मनुष्य सभेत आला आणि सारे एकदम असे बोलताना त्याने ऐकले तर तो यांना वेडे समजेल, ही चिंताही त्याने बोलून दाखविली आहे. आमच्या उपासिकेस जे वाटले ते पौलाने एकोणीसशे वर्षांहून अधिक काळापूर्वी ताडले होते, असे म्हणावयास हरकत नाही. या सर्वांच्या मधोमध, तेराव्या अध्यायात, प्रेमावाचून हे सारे बोलणे पोकळ नाद होय, असे सांगून तो दानांच्या मोजमापाचे परिमाणच बदलून टाकतो.

पुढच्या काही शतकांत हा प्रकार विरळ होत गेला. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधील फ्रिगिया प्रांतात माँटानस आणि त्याच्या सोबतच्या प्रिस्किला व मॅक्सिमिला या दोन स्त्रिया आवेशाच्या भरात देववाणी सांगू लागल्या. आपल्या मुखातून साक्षात पवित्र आत्मा बोलतो, असा त्यांचा दावा होता. टर्टुलियनसारखा मोठा लेखक त्या पंथास मिळाला. तथापि बिशपांनी त्यास चर्चबाहेर ठरविले. स्त्रियांनी अधिकारवाणीने बोलावे हेही त्या काळच्या अधिकाऱ्यांना रुचले नसावे, असे आमचे मत आहे. परंतु नोंदलेला मुख्य आक्षेप निराळा होता. भान हरपून बोलणे हे खऱ्या प्रवक्त्याचे लक्षण नव्हे, असे विरोधकांचे म्हणणे होते. चवथ्या शतकाच्या अखेरीस जॉन क्रिसोस्टोमला करिंथकरांच्या पत्रावर प्रवचने देताना हा भाग दुर्बोध वाटतो, आणि त्याचे कारण तो प्रांजळपणे सांगतो : हे प्रकार आता घडत नाहीत. ऑगस्टीनने याला वेगळा अर्थ दिला. आरंभीच्या काळी ते एक चिन्ह होते. आता चर्च सर्व देशांत पसरले असून सर्व भाषा बोलते आहे, म्हणून त्या चिन्हाचे काम संपले. मात्र याच ऑगस्टीनने, आनंद शब्दांत मावेनासा झाला की माणूस शब्दांवाचून गातो, शेतात कापणी करणारेही तसे गातात, असे अन्यत्र लिहिले आहे. आजचे कॅरिस्मॅटिक लोक त्या दुसऱ्या उताऱ्याचा आवर्जून आधार घेतात.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने एक भेद स्पष्ट केला, तो आजही चर्चच्या विचारात पायाभूत आहे. माणसाला स्वत:ला पवित्र करणारी कृपा वेगळी आणि इतरांच्या उपयोगासाठी दिलेले दान वेगळे. अन्यभाषेचे दान दुसऱ्या प्रकारात मोडते. याचा अर्थ असा की, एखाद्याला ते लाभले म्हणून तो अधिक पवित्र ठरत नाही आणि लाभले नाही म्हणून कोणी उणा ठरत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला, १६१४ मध्ये रोममधून प्रसिद्ध झालेल्या विधिग्रंथात, माणसाने न शिकलेल्या भाषेत बोलणे वा ती समजणे हे भूतबाधेच्या लक्षणांपैकी एक म्हणून नोंदविलेले आहे. एकच घटना, आणि तिचा कर्ता एकदा पवित्र आत्मा तर एकदा सैतान. चर्चचे अधिकारी या बाबतीत इतके सावध का असतात, ते यावरून ध्यानी यावे.

येथे आमच्या प्रदेशाशी निगडित एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेत ज्यांचा देह ठेवलेला आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आले. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले, आणि १६२३ च्या पोपच्या फर्मानात, नाना देशांच्या न शिकलेल्या भाषा ते जन्मजात असल्याप्रमाणे बोलत, असा गौरव आला. परंतु झेवियर यांची स्वत:ची पत्रे उपलब्ध आहेत आणि ती वेगळेच सांगतात. तमिळ किनाऱ्यावरील मच्छीमारांमध्ये काम करताना त्यांना भाषा येत नव्हती. दोन्ही भाषा जाणणारी माणसे जमवून त्यांनी मोठ्या कष्टाने प्रार्थनांचे तमिळ भाषांतर करविले, ते पाठ केले आणि हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली मुलांना जमवीत ते म्हणून दाखविले. पुढे १५४९ मध्ये जपानमध्ये पोहोचल्यावर भाषेवाचून आपण मुक्या पुतळ्यांसारखे झालो आहोत, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. संताचा प्रामाणिकपणा त्याच्या भक्तांपाशी टिकला नाही, एवढेच यावर म्हणता येईल. याच गोव्यात १५७९ मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने भाषा चमत्काराने मिळविली नाही. वर्षानुवर्षे ती शिकून घेतली आणि १६१६ मध्ये मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' छापले. पेंटेकॉस्टच्या कथेतील आशय, म्हणजे ऐकणाऱ्याला त्याच्या भाषेत कळणे, प्रत्यक्षात उतरला तो अशा परिश्रमाने. भगवंतांनी भिक्षूंना आपली वाणी वैदिक छंदांत बांधण्यास मनाई करून लोकांच्या आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली होती, हे चुल्लवग्गाच्या वाचकांस येथे आठवेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी अन्यभाषेचा प्रकार पुन्हा उफाळून आला तो कॅथॉलिकांच्या बाहेर, प्रॉटेस्टंट गटांत. १ जानेवारी १९०१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील टोपीका येथील बायबल शाळेत ॲग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्य भाषेत बोलली, तेथून आधुनिक पेंटेकॉस्टल चळवळीचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. १९०५ मध्ये पुण्याजवळील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातील मुली व स्त्रिया रडून, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि लवकरच तेथूनही अन्यभाषेची वृत्ते आली. म्हणजे ही लाट केवळ अमेरिकेतून आलेली नव्हती. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील एका मोडक्या इमारतीत विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने सभा सुरू केल्या. सेमूर हे गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईबापांचे पुत्र. ज्या देशात गोरे आणि काळे एका बाकावर बसत नव्हते तेथे या सभेत ते एकत्र गुडघे टेकून प्रार्थना करीत. ही एकता फार काळ टिकली नाही. काही वर्षांतच चळवळ वर्णभेदानुसार विभागली. तरीही जिला समाजाने बोलण्याचा हक्क दिला नव्हता अशी माणसे देवापुढे तरी मोठ्याने बोलू लागली, ही बाब आमच्या वाचकांनी दुर्लक्षिण्यासारखी नाही.

कॅथॉलिक चर्च या काळात या सर्वांपासून दूर राहिले. इंग्लंडमधील कॅथॉलिक धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एन्थुझियाझम' या ग्रंथात माँटानसपासून पुढच्या आवेशवादी पंथांचा इतिहास लिहिला आहे. त्यातील सूर संशयाचाच आहे.

बदल झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे. १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये परिषदेत या विषयावर प्रत्यक्ष वाद झाला. सिसिलीतील पालेर्मोचे कार्डिनल रुफिनी यांचे म्हणणे असे की, ही दाने आरंभीच्या चर्चमध्ये विपुल होती. आता ती अतिशय विरळ असून चर्चच्या घडणीत त्यांना स्थान देता येणार नाही. बेल्जियमचे कार्डिनल स्युनेन्स यांनी त्यास उत्तर दिले. दाने ही काही मोजक्या संतांची मिरास नसून प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या जीवनात ती असतात. शिकविणारा, सेवा करणारा, सांत्वन करणारा सामान्य माणूस हाही दानधारकच होय, असा त्यांचा प्रतिवाद होता. परिषदेने १९६४ च्या चर्चविषयक घोषणापत्राच्या बाराव्या परिच्छेदात स्युनेन्स यांचा विचार स्वीकारला, परंतु रुफिनींची भीतीही विसरली नाही. साधी असोत वा असामान्य, दाने कृतज्ञतेने स्वीकारावीत. असामान्य दानांच्या मागे उतावीळपणे लागू नये. त्यांच्या खरेपणाचा निवाडा चर्चच्या अधिकाऱ्यांनी करावा, आणि तो करताना आत्म्याचा अग्नी विझवू नये, असा त्याचा भावार्थ आहे.

याच परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना मुभा दिली आणि अल्पावधीतच जगभर मिस्सा लॅटिनऐवजी त्या त्या भाषेत होऊ लागली. वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा ऐकू येऊ लागली ती त्यामुळे. शतकानुशतके न कळणाऱ्या भाषेत चाललेली उपासना कळू लागली, आणि त्यानंतर चार वर्षे होतात न होतात तोच न कळणारी भाषा दुसऱ्या दाराने आत आली. हा केवळ योगायोग असेल. परंतु सर्व काही कळू लागल्यावर भक्ताला काहीतरी हरवल्यासारखे वाटले असावे आणि तो रिता कोपरा या नव्या उच्चारांनी भरला असावा, अशी शंका आम्हांस येते. उपासनेत शब्दाच्या अर्थाइतकेच नादाचे आकर्षण असते, हे परित्राण पाठ ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी नाकारू नये.

ती घटना अशी. १९६७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्यूकेन या कॅथॉलिक विद्यापीठातील सुमारे पंचवीस विद्यार्थी व काही अध्यापक शहराबाहेरील एका साधनागृहात शनिवार-रविवारसाठी जमले होते. त्यांना 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाचे पहिले चार अध्याय वाचून येण्यास सांगितले होते. त्यांच्या दोघा-तिघा अध्यापकांनी त्याआधी प्रॉटेस्टंट प्रार्थनागटात जाऊन तो अनुभव घेतलेला होता. तेथे अनेक विद्यार्थ्यांना उत्कट धार्मिक अनुभव आला आणि काही अन्य भाषेत प्रार्थना करू लागले. तेथून ही लाट नोत्र दाम विद्यापीठात, मग मिशिगनमधील ॲन आर्बर येथे आणि थोड्याच वर्षांत देशोदेशी गेली. भारतात ती १९७० च्या दशकाच्या आरंभी मुंबईमार्गे आली. पुढे केरळमध्ये विन्सेंशियन संघाच्या धर्मगुरूंनी पोट्टा व मुरिंगूर येथे चालविलेल्या केंद्रांमुळे ती सामान्य भाविकांत दूरवर पसरली. आज जगात या प्रवाहाशी संबंध आलेले कॅथॉलिक बारा कोटींच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. हे ढोबळ अनुमान आहे, जनगणना नव्हे.

अधिकाऱ्यांनी या चळवळीस दडपले नाही, याचे प्रारंभी पुष्कळांना आश्चर्य वाटले. १९६९ मध्येच अमेरिकन बिशपांच्या सिद्धांतविषयक समितीने असा अहवाल दिला की चळवळीस बायबलचा आधार आहे, तिला रोखू नये, मात्र बिशपांनी तिच्याकडे लक्ष ठेवावे. १९७५ मध्ये पेंटेकॉस्टच्या सणास रोममध्ये जमलेल्या सुमारे दहा हजार कॅरिस्मॅटिकांपुढे पोप पॉल सहावे बोलले. त्यांनी त्यांचे स्वागत केले आणि पौलाच्याच पत्रांतून तीन कसोट्या त्यांच्या हाती ठेवल्या : शिकवणुकीशी निष्ठा, दानांचा कृतज्ञ स्वीकार आणि सर्वांहून वर प्रेम.

सिद्धांताच्या दृष्टीने खरी अडचण अन्यभाषेची नव्हती. ती 'आत्म्याचा बाप्तिस्मा' या शब्दप्रयोगाची होती. पेंटेकॉस्टल पंथांत बाप्तिस्म्यानंतर आत्म्याचा दुसरा बाप्तिस्मा होतो, आणि त्यांच्यातील 'असेंब्लीज ऑफ गॉड'सारख्या मोठ्या संघटनांच्या मते अन्य भाषेत बोलणे हा त्याचा पहिला दृश्य पुरावा होय. कॅथॉलिकांना हे मान्य होणे शक्य नाही. त्यांच्या मते पवित्र आत्मा बाप्तिस्मा व दृढीकरण या संस्कारांतच मिळतो. मग तिसऱ्या कशाची आवश्यकता पडली तर संस्कार अपुरे ठरतात. या पेचातून त्यांच्या विद्वानांनी दोन वाटा काढल्या. बेनेडिक्टाइन संघाचे किलियन मॅकडॉनल व त्यांचे सहकारी जॉर्ज माँटेग यांनी १९९१ मध्ये आरंभीच्या धर्मपित्यांचे ग्रंथ तपासून असे मांडले की हा अनुभव मुळातच दीक्षासंस्काराचा भाग होता. तो आता जागा होतो इतकेच. रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठातील जेझुइट फ्रान्सिस सलिव्हन यांना ते पटत नव्हते. अक्विनासचा आधार घेऊन ते म्हणत की, आत्मा माणसाच्या जीवनात नव्याने, अनेकदा पाठविला जाऊ शकतो; त्यासाठी जुन्या संस्काराचा संबंध ओढूनताणून जोडण्याची गरज नाही. हा वाद मिटलेला नाही. दोन्ही पक्षांचे एकमत आहे ते यावर की अन्यभाषा हा कशाचाही अनिवार्य पुरावा नव्हे. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथातही भाषेच्या दानाचा उल्लेख आहे, परंतु सर्व दाने चर्चच्या सामायिक हितासाठी आहेत आणि प्रेमाच्या सेवेस लागली पाहिजेत, असे तेथे बजावले आहे. याचा व्यावहारिक अर्थ हा की, ज्या कॅथॉलिकाने आयुष्यात एकदाही अन्यभाषेत तोंड उघडले नाही तो रतिभरही कमी कॅथॉलिक नाही.

आता 'ढोंग काय?' या प्रश्नाकडे येऊ. टोरांटोचे भाषाशास्त्रज्ञ विल्यम सॅमरिन यांनी अनेक वर्षे अशा बोलण्याचे ध्वनिमुद्रण करून १९७२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचे निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीचे आहेत. हे बोलणे भाषा नव्हे : त्यात व्याकरण नाही, शब्द व अर्थ यांचा ठरलेला संबंध नाही, वापरलेले ध्वनी बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांतलेच असतात, फक्त चढउतार खऱ्या भाषेसारखा असतो. पण ते वेडही नव्हे. बोलणारी माणसे मानसिकदृष्ट्या सामान्य असतात आणि ती सवयीने हे करू शकतात. २००६ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू न्यूबर्ग व सहकाऱ्यांनी पाच स्त्रियांच्या मेंदूतील रक्तप्रवाह तपासला. भजन गाताना जी स्थिती होती तिच्या तुलनेत अन्यभाषेत बोलताना मेंदूच्या पुढील भागातील हालचाल मंदावल्याचे त्यांना आढळले. हा भाग हेतुपूर्वक नियंत्रणाशी संबंधित मानला जातो. पाच जणींवरून फार मोठे अनुमान काढता येत नाही. तथापि 'मी बोलत नाही, माझ्याकडून बोलले जाते' असे जे भाविक सांगतात ते खोटे बोलत नसावेत, एवढे त्यावरून म्हणता येईल. अनुभव खरा असणे आणि त्या अनुभवाचा लावलेला अर्थ खरा असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. कॅथॉलिक विद्वानही आता बहुधा याला अज्ञात परभाषा म्हणत नाहीत. शब्दांपलीकडची प्रार्थना, बाळाच्या बोबड्या बोलासारखी, असे ते तिचे वर्णन करतात.

आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आक्षेप, जो लॅटिन अमेरिकेतून आला. तेथे १९६० व १९७० च्या दशकांत कित्येक धर्मगुरू व भाविक जमीनदारी आणि लष्करी राजवटींविरुद्ध गरिबांच्या बाजूने उभे राहिले होते. गरिबाला त्याच्या दारिद्र्याची कारणे कळण्याऐवजी हात वर करून अश्रू ढाळण्यातच समाधान मिळू लागले तर अन्याय करणाऱ्याचे फावते, असे त्यांच्यापैकी अनेकांचे मत होते. ही टीका चर्चबाहेरच्या कोणी केलेली नाही. स्युनेन्स यांनी तिची दखल घेतली आणि ब्राझीलच्या ओलिंदा व रेसिफेचे आर्चबिशप हेल्डर कामारा यांच्यासमवेत १९७९ मध्ये कॅरिस्मॅटिक नवचैतन्य व सामाजिक कार्य यांवर संवादरूप पुस्तक प्रसिद्ध केले. कामारा हे गरिबांचे बिशप म्हणून ख्यात. प्रार्थना आणि न्यायासाठीचा लढा परस्परांवाचून लंगडे आहेत, असा दोघांचाही सूर आहे. प्रत्यक्षात ब्राझीलमध्ये काय झाले? प्रार्थनासभांची मैदाने भरली; मुक्तीच्या धर्मशास्त्राचे मूळ गट मात्र ओसरत गेले. त्यामागे रोमच्या धोरणासह इतरही कारणे होती हे खरे, पण स्युनेन्स आणि कामारांचे पुस्तक वाचून ते थांबले नाही हेही तितकेच खरे.

अर्जेंटिनात जेझुइटांचे प्रमुख असताना होर्हे बेर्गोलिओ यांनाही ही चळवळ आवडत नव्हती; हे लोक उपासना आणि सांबा नृत्याची शाळा यांत गल्लत करतात, असे आपण त्या काळी म्हणत असू, हे त्यांनी पोप फ्रान्सिस झाल्यावर स्वत:च हसत सांगितले. पुढे त्यांचे मत बदलले. त्यांच्या कारकीर्दीत २०१६ मध्ये सिद्धांतविषयक खात्याने एक पत्र काढले, ज्यात अधिकाराची रचना व दाने ही दोन्ही चर्चला सारखीच आवश्यक असल्याचे म्हटले आहे, आणि २०१९ मध्ये या प्रवाहातील गटांसाठी रोममध्ये 'कॅरिस' नावाची एकच सेवासंस्था सुरू झाली. २०२५ मध्ये फ्रान्सिस यांचे निधन झाले. या साऱ्या मान्यतेबरोबर नियंत्रणही आले, हे विसरता कामा नये. कॅथॉलिक चर्च जे सामावून घेते त्यावर देखरेखही ठेवते. माँटानसला जमले नाही ते ड्यूकेनच्या विद्यार्थ्यांना जमले, कारण त्यांनी बिशपांचा अधिकार मान्य केला.

राहिली मावशींची गोळी. येथे चर्चची भूमिका अत्यंत स्पष्ट आहे आणि ती भाविकांपर्यंत पोहोचत नाही, याचा आम्हांस खेद वाटतो. १४ सप्टेंबर २००० या तारखेचा, आरोग्यप्राप्तीसाठीच्या प्रार्थनांविषयीचा एक आदेश रोमच्या सिद्धांतविषयक खात्याने प्रसिद्ध केला; त्यावर त्या वेळचे प्रमुख कार्डिनल रात्झिंगर, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले, यांची सही आहे. आजारी माणसाने बरे होण्याची इच्छा धरणे व त्यासाठी प्रार्थना करणे त्यात योग्य मानले आहे. परंतु प्रार्थनेचा आश्रय घेणे म्हणजे आरोग्य राखण्याचे व परत मिळविण्याचे नैसर्गिक, परिणामकारक उपाय सोडणे नव्हे. उलट प्रार्थनेने त्या उपायांस उत्तेजनच मिळते, असा त्यात नि:संदिग्ध खुलासा आहे. पुढे नियम दिले आहेत. अशा प्रार्थना मिस्सेत किंवा संस्कारविधींत मिसळू नयेत. सभेत उन्माद, कृत्रिमता, नाटकीपणा व खळबळ यांना थारा देऊ नये. बिशपांनी देखरेख ठेवावी आणि गैरप्रकार दिसल्यास हस्तक्षेप करावा. स्युनेन्स यांनीही, सभांमध्ये माणसे 'आत्म्यात' उताणी पडतात त्या प्रकाराबद्दल १९८० च्या दशकात स्वतंत्र पुस्तक लिहून सावधगिरीचाच इशारा दिला होता. आणि ते या चळवळीचे सर्वांत मोठे पाठीराखे होते.

सभेत व्यासपीठावरून कोणी तरी मावशींना 'तुम्ही बऱ्या झालात' असे सांगितले, त्या वेळी हा आदेश निघून वीसहून अधिक वर्षे लोटली होती. तो माणूस धर्मगुरू होता की साधा कार्यकर्ता, हे उपासिकेस ठाऊक नव्हते. आम्ही तिला सुचविले की तिने शेजारणीशी श्रद्धेवरून वाद घालू नये; पौलाच्या पत्राचा चौदावा अध्याय मावशींच्या स्वत:च्या मराठी बायबलमधून एकत्र वाचावा आणि त्यांच्या चर्चच्या धर्मगुरूंना २००० च्या आदेशाविषयी विचारण्यास सांगावे. उपासिका दोन आठवड्यांनी वर्गास आली. मावशींबरोबर ती स्वत: धर्मगुरूंकडे गेली होती. धर्मगुरूंनी मावशींना प्रार्थना चालू ठेवा असे सांगितले आणि मग, त्यांच्या मुलाला समोर बसवून, डॉक्टरांकडे कधी नेणार याची तारीख विचारली. त्या तपासणीत रक्तदाब वाढलेलाच निघाला. गोळी पुन्हा सुरू झाली आहे. सभेसही मावशी जातात. अन्य भाषेत त्या अजून बोललेल्या नाहीत, आणि पूर्वी त्याचे जे दु:ख त्यांना होत असे ते आता होत नाही, असे उपासिका सांगते.